तळघरातली पावलं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण भर दुपारी भुताची विचारपूस करणारी शास्त्रज्ञ तुम्हाला पुन्हा भेटायची नाही!

पळसदरीजवळ आमची प्रयोगशाळा. तिच्या तळघरात तीन वर्षं खपून मी एक सूक्ष्मदर्शक बांधला. त्याला भिंग नाही, सुई असते. समोर अतिसंवाहकाचा तुकडा, म्हणजे गार केला की ज्यातून वीज अगदी बिनविरोध वाहते असा. सुई त्याच्या इतकी जवळ न्यायची की मध्ये दोन-चार अणूंचीच फट उरावी. मग एकेक अणू दिसतो. पण कोणी शिंकलं तरी चित्र बिघडतं!

तुकडा गार ठेवणारं हेलियम त्या दिवशी चारपर्यंतच पुरणार होतं. पुढचं कधी मिळेल, देव जाणे. माझी अख्खी पीएचडी त्या एका चित्रावर टांगलेली.

सगळे जेवायला गेले. मी यंत्राच्या खोलीतले दिवे मालवले, एसी बंद केला, दार लावलं आणि शेजारच्या खोलीत येऊन बसले. सुईतली वीज आम्ही स्पीकरवर ऐकतो. सगळं ठीक असलं की नुसता बारीक सूं आवाज येतो.

आणि आलं काय? धप... धप... धप.

बंद खोलीत, काळोखात, कोणीतरी चालत होतं!

उठून दार उघडलं. कोणी नाही, आवाजही नाही. परत बसले. धप... धप. उठले की गप्प, बसले की सुरू! माझ्या तोंडचं पाणी पळालं. तशी पावलंही घाईघाईने पडायला लागली. त्याला माझी भीती कळत होती हो!

"कोण आहे? काही हवंय का?" मी विचारलं.

धपधपधपधप!

मी किंचाळलेच. इमारतीची देखभाल बघणारे तानाजीमामा धावत आले. स्पीकरवरची धपधप ऐकून त्यांचाही चेहरा उतरला.

"ताई, हितं पाया खणताना शेंदूर फासलेला धोंडा निघालेला."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी सायन्सवाली मानसं. ऐकलं असतं काय?"

साडेतीन वाजले होते. मामांनी धावत जाऊन नारळ आणला.

"फोडू नका!" मी ओरडले. "कंपनं होतील! नुसता उंबऱ्यावर ठेवा."

नारळ ठेवला, दोघांनी हात जोडले. मी खुर्चीत टेकले. धप... धप. मामांची नजर हळूहळू टेबलाखाली गेली.

"ताई, पाय नका हलवू. बसल्या जागी पाय हलवला तर घरातली लक्ष्मी जाते."

मी पाय थांबवला. पावलं थांबली.

खाली पाहिलं. माझा गुडघा एका जाड केबलला टेकला होता, आणि ती केबल भिंतीतून थेट सूक्ष्मदर्शकात गेली होती. आधी सवयीने हलणारा पाय, मग भीतीने!

"हलवा बरं परत," मामा म्हणाले.

धप.

लाजेने मेले. पण वेळ इतका थोडा उरलेला की आता पाय काही केल्या स्थिर राहीना.

"उठा ताई, भायेर जावा. मी बसतो," असं म्हणून मामा खुर्चीत मांडी घालून बसले. मी चित्र घ्यायचं बटण दाबून दिलं आणि बाहेर पळाले.

चारला पाच कमी असताना दाराच्या काचेतून मला पडद्यावरचे अणू दिसले. भाताच्या लावणीसारखे, ओळीत. मला रडूच फुटलं.

आमच्या शोधनिबंधात एक वाक्य आहे: 'मोजमापाच्या वेळी कंपनांचा मुख्य स्रोत खोलीबाहेर ठेवण्यात आला होता.' या दक्षतेचं परीक्षकांनी फार कौतुक केलं. तो स्रोत म्हणजे मी!