खैरुद्दीनभाईंची रेंजर

खैरुद्दीनभाईंच्या पिकअपचा इतिहास आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहे. फोर्डने आधी जपान्यांकडून छोटी पिकअप बनवून घेतली, तिचं नाव कुरियर. मग ऐंशीच्या दशकात स्वतःची रेंजर काढली. पुढे अमेरिकेत लोकांना मोठ्या गाड्यांचं वेड लागलं आणि ही तिथे बंद! बाहेरच्या देशांत मात्र चालूच राहिली. "मग काही वर्षांनी त्यांना आठवण झाली, परत आणली," असं म्हणून भाई आपल्या जुन्या रेंजरच्या बॉनेटवर थाप मारायचे. तेवढ्यात मागून बानूभाभी ओरडायच्या, "झाली का शाळा सुटून? मासे उन्हात आहेत!"

हे रत्नागिरीकडचं जोडपं, इथे आखातात, अल नहदा भागात आमच्या शेजारचं. भाई फुजैराहून मासे आणून दुकानांना घालतात. इथे संध्याकाळी पार्किंग मिळणं म्हणजे देव भेटणं. भाई सिग्नलवरून फोन करायचे आणि भाभी खाली जाऊन रिकाम्या जागेत ओढणी खोचून उभ्या राहायच्या. केवढीही गाडी येवो, हलायच्या नाहीत. "हबीबी, माझा माणूस येतोय!"

गेल्या रमजानच्या आधी भाभी गेल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी रेंजर बिल्डिंगभोवती फिरत राहते. बाल्कनीतून बघताना माझा जीव तुटतो. त्यांचा मुलगा उझैर अबुधाबीहून आला तो सरळ म्हणाला, "अब्बा, जस्ट सेल इट. या वयात पार्किंगसाठी एवढं फिरायचं?" गिऱ्हाईकही बघून ठेवलंन. अस्सा राग आला मला! गाडी गेली तर या माणसाकडे उरलं काय?

मी नवऱ्याला म्हटलं, "अनिल, उद्यापासून भाईंची जागा मी धरणार."

"लोक हसतील, वासंती."

"हसू देत!"

दुसऱ्या दिवशी गेले खाली. जागा मिळाली, उभी राहिले. एकाने हॉर्न मारला, त्याला मराठीतच झापला. रेंजर आली. भाईंनी मला बघितलं आणि सरळ पुढे गेले! पुढच्या चक्करला पुन्हा तेच. मग मी रस्त्यातच गाडीला आडवी गेले.

"दिसत नाही का भाई? उभी राहून पाय मोडले माझे!"

त्यांनी काच खाली केली. "जागा रोज मिळते हो, वहिनी. पण गाडी लावली की वर जावं लागतं."

माझा सगळा राग तिथेच गळाला. वर त्यांच्या खिडकीत अंधार होता.

"गाडी लावा आधी," मी म्हटलं. "आमच्याकडे चहाला चला. ही कुठे विकायची नाही, उझैरला मी बघते. आणि अनिलला तो इतिहास परत ऐकायचाय."

आले बिचारे. चहा घेता घेता कुरियरपासून सुरुवात केली. "मग काही वर्षांनी त्यांना आठवण झाली, परत आणली," इथपर्यंत आले आणि सवयीने मागे वळले. कप हातात तसाच. दाराकडे बघत राहिले.

शेवटी मीच म्हटलं, "झाली का शाळा सुटून?"

आणि मलाच रडू फुटलं.