फोनातला पाळणा

राजेश्वर गावी भावाच्या नातवाचं बारसं होतं. पाळणा म्हणायचा मान आमच्या घरात कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. मान कसला, बाकीच्या लाजतात आणि मला लाज कमी, एवढंच. बिदरच्या नौबादहून निघाले तेव्हाच मी मनात कडवी जुळवायला लागले होते.

आमच्यातली रीत अशी, की पाळण्याची दोरी जिच्या हातात तिनं एक कडवं म्हणायचं. तेही पाठ केलेलं नाही. समोर जे बसलेत त्यांच्यावर तिथल्या तिथं रचायचं. मामाचं पोट, काकूचा नवा चष्मा, आजोबांचं घोरणं, कुणाला सोडायचं नाही. बाकीच्या बायका मागून 'जो जो' धरतात. बऱ्याच वर्षांपासून मात्र दोरी सगळ्या ओढतात आणि कडवी मी एकटीच म्हणते. "आमचंबी तुमीच म्हना," म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, पण आता मला दम लागतो. माझ्यामागं हे कोण करणार, हा घोर मला खराखुरा आहे.

त्या दिवशी मी जरा टेकते न टेकते तोच वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमी निवांत बसा. सूनबाईनं फोनात पाळणा करून आनलाय."

"फोनात? कसा काय?"

"ते एआय का काय म्हनत्यात की. गाव सांगितलं, आईबापाची नावं सांगितली, की गानं तयार. बाजासकट!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सून कलबुर्गीकडची, माहेर पक्कं कानडी, घरात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. गाल फुगवून भिंतीला टेकून बसले, आणि ते सगळ्यांना दिसेल एवढी काळजी घेतली.

भाच्यानं फोनवर पाळणा लावला. खरं सांगते, गाणं वाईट नव्हतं. आवाज गोड, पेटी-तबला जागच्या जागी, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. माझी कडवी दुसऱ्या ओळीलाच लंगडतात. गाण्यात चांदीचा पाळणा होता, रेशमाची दोरी होती, चंदनाचं अंगण होतं. आमचा पाळणा लोखंडी, तोही शेजारून मागून आणलेला. ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, त्याचा तरी काय दोष? बायका माना डोलवत होत्या, दोरी या हातातून त्या हातात जात होती.

आणि गाणं संपलं. निम्म्या बायकांची दोरी ओढायची राहिली होती. भाच्यानं तेच गाणं पुन्हा सुरू केलं. दोरी तेव्हा आमच्या म्हाताऱ्या चुलतीच्या हातात होती. ती ओरडली, "आरं, हे तर तिनं ओढताना झालं की! उष्टं कडवं मला कामून देयलास?"

हशा पिकला. भाच्यानं ओशाळून फोन बंद केला. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं.

तेवढ्यात सून उठून माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "आत्या, राग यायलाय तुमाला? मला मराठीत म्हनाया येत न्हाई. माझ्या लेकराच्या पाळन्याला मी मुकी कशी ऱ्हाऊ? म्हनून फोनाला सांगितले."

माझा राग कुठल्या कुठं गेला. ही माझी जागा घ्यायला आली असं मी धरून चालले होते, आणि तिला फक्त आपल्या लेकरासाठी चार ओळी हव्या होत्या.

"मग कानडीत म्हन की," मी म्हणाले.

"चालते?"

"न चालायला काय झालं? जो जो तुमच्यातबी हाय, आमच्यातबी हाय."

"पन काय म्हनू?"

"समोर बघ. दिसंल ते म्हन."

तिनं चुलतीकडून दोरी घेतली. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग फोनातल्याच चालीवर, अडखळत, कानडीत सुरू झाली. बाळा, बिदरहून तुझी आजी आली, येऊन गाल फुगवून बसली. तू हस रे लवकर, म्हणजे ती हसेल, ती हसली की आम्हाला जेवायला मिळेल.

त्या खोलीत कानडी न कळणारं कुणी नव्हतं. बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या. चुलतीनं दोरी हिसकून घेतली आणि वहिनीच्या पातळ आमटीवर कडवं रचलं, तिच्यानंतरची थांबायला तयार नव्हती. कुणाचं जुळत होतं, कुणाचं नव्हतं. त्या फोनानं चाल दिली नसती तर सुनेनं तोंड उघडलं नसतं, हे मी मानते. पण मी रुसून बसलेय हे त्याला कुठून दिसणार? ते तिला दिसलं.

मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. इतक्या वर्षांत घरातलं एकही माणूस कडव्यातून सुटलं नव्हतं, मी सोडून. मला कोण घेणार? रचणारी मी एकटीच होते.