पाचव्या प्रतीचा आंबा

समस्त लालबागकर, परळकर, आंबेखाऊ जनता आणि विशेषतः आमची भावकी यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मी सूड घेतला आहे. सूड यशस्वी झाला असून घेणाऱ्याची प्रकृती उत्तम आहे. ज्याच्यावर घेतला तोही धडधाकट आहे. फक्त हल्ली मी दिसलो की लांबूनच हात जोडतो.

आता सविस्तर.

माझे वडील गिरणीत होते. गणपतीला गावी जायचे, पण त्यांची रजा आरतीत कमी आणि कातळात खड्डे खणण्यात जास्त जायची. आमच्या सामायिक जमिनीत त्यांनी हापूसची कलमं लावली. उन्हाळ्यात आई गावी राहायची आणि विहिरीवरून कळशीनं पाणी आणून ती जगवायची. कलमं धरली तशी लालबागला आमच्या खोलीवर दरसाल पेटी यायला लागली. आई खाटेखाली पेंढ्यात आढी लावायची आणि शेजारचे लोक अचानक आमच्या तब्येतीची चौकशी करायला येऊ लागायचे. वडील गेले तरी पेटी येत राहिली. आई पहिला आंबा त्यांच्या फोटोपुढे ठेवायची आणि मग फोटोला काही विचारल्यासारखं करून तो स्वतःच खायची.

पुढे बाग माझ्या चुलतभावाच्या हाती गेली. माझ्याहून धाकटा, मला दादा म्हणणारा. खोटं कशाला बोलू, पोरगा हुशार. जपानला कसा आंबा लागतो, युरोपला कसा, कुठे गरम पाण्यातून काढायचा, कुठे फवारणीचा अंशही चालत नाही, हे सगळं तो शिकला. बागेशेजारी पॅकहाउस उभं केलं. आजूबाजूच्या गावांचा आंबा त्याच्याकडे येऊ लागला. पूर्वी जी घरं पोरांना गिरणीत धाडायची, त्या घरांतल्या सुना आता डोक्याला टोपी घालून आंबे निवडतात. किनाऱ्यावरची कोळंबी तर त्याच्याही आधी परदेशी गेली होती. कोकणचं भलं झालं, हे मी सुडाच्या भरातही मान्य करतो. एकच गोष्ट झाली. पूर्वी गावचा आंबा मुंबईला यायचा, आता तो विमानातून आमच्या डोक्यावरून जातो.

एकदा त्यानं मला पॅकहाउस दाखवलं. "दादा, ही फर्स्ट क्वालिटी, फॉरेन. एकेका आंब्याला जाळीचा मोजा. सेकंड गल्फला. थर्ड वाशी मार्केट. फोर्थ कॅनिंगला, रसाच्या फॅक्टरीत."

कोपऱ्यात एक ढीग होता. डागाळलेला, चेपलेला.

"आणि तो?"

"तो असाच," तो म्हणाला. "वाटायला."

त्याच आठवड्यात लालबागला पेटी आली. पहिलाच आंबा कापला आणि आत साका निघाला. साका म्हणजे वरून राजबिंडा, आतून पांढरा, आंबट, स्पंजासारखा गर. दुसरा डागी. तिसऱ्यात पुन्हा साका. कोपऱ्यातला ढीग कुठे वाटला जातो ते मला कळलं. जपान, दुबई, वाशी, कॅनिंग आणि पाचवी प्रत त्याच्या काकीला, म्हणजे माझ्या आईला.

पुढची काही वर्षं हेच. ज्या बाईनं कळशीनं ती झाडं जगवली, ती चमच्यानं साका खरवडून काढायची आणि म्हणायची, "ह्या बाजूचो बरो आसा." मग फोन यायचा. "काकी, आंबे गोड होते ना?"

"साखर रे बाबा," आई म्हणायची.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी फोन हिसकावायला गेलो, तर तिनं माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "आपलोच पोर तो. तेका एक शब्द बोललंस तर माझा मेलेला तोंड बघशीत."

संपलं. त्याला एक शब्दही बोलायचा नाही. मी शब्द पाळणारा माणूस आहे. मी वाट पाहत बसलो.

गेल्या चैत्रात संधी स्वतः चालत आली. चुलतभावानं परळला ऑफिस घेतलं. जिथे माझे वडील घामाघूम व्हायचे त्या गिरणीच्या जागेवर आता काचेचा टॉवर आहे आणि आत इतकी थंडी की स्वेटर लागावा. हंगामातला पहिला माल रवाना होण्याआधी तिथे पूजा ठेवली होती. त्याचा फोन आला.

"दादा, दुबईचे बायर येतायत. तू गाऱ्हाणं घाल ना, आपलं मालवणी. एकदम ऑथेंटिक. व्हिडिओपण काढू."

"मीच का रे?"

"भावकीत आता तूच मोठा. आणि तुझा आवाज काय आहे."

माझा आवाज खरोखरच चांगला आहे. आमच्या चाळीतल्या प्रत्येक पूजेला गाऱ्हाणं मीच घालतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाऱ्हाणं म्हणजे नारळ हातात धरून, सगळ्यांच्या वतीनं, मोठ्या आवाजात देवाला केलेली विनवणी. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मध्ये तोडायचं नाही. ज्याच्या घरचं कार्य त्याचा होकार अडला, तर गाऱ्हाणं अर्धं राहिलं आणि कार्यही अर्धं राहिलं असं मानतात. नारळ फोडल्याशिवाय टेम्पो हलू न देणाऱ्या माझ्या चुलतभावाला हा नियम माझ्याहून पक्का ठाऊक होता.

शिवाय गाऱ्हाण्यात जे बोलायचं ते देवाशी. त्याच्याशी एक शब्दही नाही.

भिंतीवर आमच्याच कलमाचा दाराएवढा मोठा फोटो. पुढच्या खुर्चीत आई, नऊवारी नीटनेटकी, काकीला मान म्हणून बसवलेली. मागे गावची पोरं, पॅकहाउसवाली. बाजूला दुबईचे बायर, हौसेनं टिळा लावून. मी नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत, ती मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा."

"ह्या लेकराचो आंबो सातासमुद्रापलीकडे जाता, तेका यश दी."

"व्हय म्हाराजा." बायरना चाल सापडली होती. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच.

"ही कलमा तेच्या काकान कातळ फोडून लावली आणि काकीन कळशेन पाणी घालून जगवली, ता तुका ठावक आसा."

"व्हय म्हाराजा." चुलतभावानं एक डोळा उघडला. मी माझे दोन्ही मिटले.

"पयलो आंबो जपानाक जाता, दुसरो दुबईक, तिसरो वाशीक, चौथो कॅनिंगाक."

"व्हय म्हाराजा."

"आणि साक्याचो तेवढो लालबागाक काकीक जाता."

गावची पोरं या वाक्याला जी ओरडली, तसा 'व्हय म्हाराजा' त्या टॉवरनं पुन्हा ऐकला नसेल. बायर शेजारच्या पोराला विचारत होते, साका म्हणजे काय. पोरगा अगदी मनापासून समजावून सांगत होता. चुलतभावानं घसा खाकरला. "दादा, आवर आता."

मी त्याला उत्तर दिलं नाही. आईची शपथ होती.

"ह्या तेच्या हातून चुकान झाला असात, तर पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या हंगामापासून बागेतली पयली पेटी, फॉरेनची, जाळीचे मोजे घातलेली, काकीच्या दारात पोचतली, असो शब्द तो आज तुका देता हा."

आता होकार त्याचाच हवा होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. व्हिडिओ चालू होता. त्यानं नारळाकडे पाहिलं, बायरकडे पाहिलं, खाली उभ्या असलेल्या टेम्पोचा विचार केला असावा आणि शेवटी तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "व्हय म्हाराजा."

मी नारळ आपटायला वर उचलला, इतक्यात पुढच्या खुर्चीतून, जिनं मला इतकी वर्षं गप्प बसवलं तिचा, आईचा आवाज आला:

"रे, दोन पेट्यो सांग."