परीक्षेला कॅल्क्युलेटर लागतो म्हणे

मस्कतला निघालो त्या दिवशी कोपरच्या घराच्या पायरीवर बाबांनी माझ्या बॅगेची चेन उघडली आणि बंद पडलेला कॅल्क्युलेटर कपड्यांत खोचला. मी म्हटलं, "बाबा, हा कधीचा मेलाय." तर म्हणाले, "रेव दे. तिकरचे सेल बरे असतान." आई रडत होती, जीपवाला हॉर्न मारत होता, आणि मला एकच धास्ती: विमानतळावर कुणी विचारलं की या यंत्राला सुक्या बोंबलाचा वास का येतो, तर सांगायचं काय?

तुम्ही जे तिथेच राहिलात, आणि जे माझ्यासारखे इकडे येऊन पडलात, त्या सगळ्यांना आज तो वास कशाचा ते सांगतो.

नववीत मी गणितात सारखा आपटायचो. गुणाकाराला बसलो की हातचा कुठे जायचा, देव जाणे. बाबा खाडीत मासेमारी करणारे, शाळा आतून न बघितलेले. नव्या बिल्डिंगमधली पोरं यंत्रावर गणितं करतात, असं त्यांच्या कानावर आलं. मग इस्त्रीचा शर्ट घालून ते मला घेऊन शाळेत आलेले. शिक्षकांच्या खोलीच्या दारात हात जोडून त्यांनी विचारलं, "मास्तर, परीक्षेला कालकुलेटर लागतो काय?"

गणिताचे सर चहा पीत होते. "लागतो की! तुमच्या चिरंजीवांना तर लागणारच. दोन द्या, एक डाव्या हाताला, एक उजव्या." सगळी खोली हसली. लोक हसतात म्हणून बाबाही हसले.

वाटेत मी सांगितलं, सर टर उडवत होते. बाबा रस्त्यातच थांबले. "मास्तर हाय तो. खोटं कशाला बोलंल?"

पुढच्याच आठवड्यात ते विठ्ठलवाडीला उतरून उल्हासनगरच्या बाजारात गेले आणि कॅल्क्युलेटर घेऊन आले. नाव जपानी, जन्म तिथलाच. दसऱ्यापर्यंत मी त्याची बटणं दाबून घेतली. आमच्यात दसऱ्याला होडीची वल्ही, जाळं विणायची सुई, आईचा कोयता, सगळं पुजतात. बाबांनी बरोबर मधोमध कॅल्क्युलेटर मांडला. पोराचं हत्यार! हळद-कुंकू वाहिलं आणि वर नारळ फोडला. नारळाचं पाणी बटणांतून आत गेलं. पडद्यावर आठच आठ उमटले आणि विझले. "सुकंल," म्हणत त्यांनी तो आईच्या बोंबलांशेजारी उन्हात ठेवला. सुकला. चालला मात्र नाही.

दहावीच्या गणिताच्या पेपराला तोच माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "बंद आहे, कशाला नेऊ?"

"चालू नसला तरी जवल पायजे. लागतो म्हंजे लागतो."

डोंबिवलीच्या केंद्रावर फाटकातल्या बाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला. "हे चालत नाही परीक्षेला. आणि वास कसला येतोय याला?" मागून एक पोरगा ओरडला, "अरे, बोंबील आणलाय त्याने! पेपर नाय सुटला तर तळून खाणार!"

"बाय, मास्तरांनीच सांगतलंय," बाबा म्हणाले.

बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, कुणीतरी चेष्टा केली हो तुमची."

माझा बाक खिडकीशी होता. पेपर संपेपर्यंत बाबा फाटकाबाहेर उन्हात उभे होते, तळहातावर ते यंत्र प्रसादासारखं धरून. मी पेपर कमी आणि त्यांनाच जास्त बघितलं. नापास झालो.

"आक्टोबरला परत बस," ते म्हणाले. मी बसलो नाही. कोळ्याच्या पोराला डोकंच नव्हतं, असं तुम्ही म्हणालात. डोक्याचं मला माहीत नाही. बाबा पुन्हा सोडायला आले असते, पुन्हा त्या फाटकाशी उभे राहिले असते, आणि ते मला बघवलं नसतं. एवढंच कारण होतं.

काही वर्षं कल्याणला वर्कशॉपमध्ये काढली, मग इकडे आलो. आता एका शाळेत मदतनीस आहे. या लोकांनी मला पोटाला लावलं, त्यांचे उपकार आहेतच. नोकरी जाईल की काय ही भीतीही रोजचीच आहे. परीक्षेच्या दिवसांत माझं काम काय, तर कॅल्क्युलेटरची पेटी घेऊन हॉलच्या दाराशी बसायचं. एखादं पोर आपला घरी विसरलं की त्याला शाळेचा द्यायचा. पोरं हात वर करतात, मी नेऊन देतो. कुणी रागावत नाही, कुणी हसत नाही. पहिल्या दिवशी संडासात जाऊन तोंडावर पाणी मारून आलो होतो.

गेल्या महिन्यात शेजाऱ्यांकडे फोन लावून बाबांना बोलावून घेतलं. ऐकू कमी येतं त्यांना, ओरडूनच बोलतात. काम काय करतोस विचारलं. आजवर टाळलेलं, या वेळी सांगून टाकलं.

त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे लागतो परीक्षेला?"

"इकडे लागतो, बाबा."

"बग! मी तुला बोललेलो. मास्तर खोटं नव्हता बोलला." आणि मग शेजारच्या घरात कुणाला तरी ओरडून सांगितलं, "लागतो गो! लागतो!"

त्या सरांचा चहाचा कप आणि ते हसू मला अजून दिसतं. पण मी म्हटलं, "हो बाबा, खरं बोलले होते."

कोपरची खाडी बुजत चाललीय म्हणतात, आमच्या दारासमोर बिल्डिंग उभी राहतेय. राहू दे. माझं घर आता त्या फोनच्या पलीकडे आहे, जिथे एक म्हातारा इतक्या वर्षांनी त्या परीक्षेच्या फाटकापासून हलला.