ऊदसलीबची कळी

तालुकदारसाहेबांच्या बीडच्या बंगल्यावर मी माळी होतो. तिथल्या मुरमाड जमिनीत मी गुलाब फुलवले, मोगरा फुलवला, साहेबांची हौस म्हणून द्राक्षाचा वेलसुद्धा मांडवावर चढवला. पण एका झाडानं माझ्या नाकी नऊ आणले. आज इतक्या वर्षांनीही त्याची आठवण आली की डोकं तापतं.

साहेब निजामाच्या नोकरीत आलेले काश्मिरी पंडित. बाईसाहेबांनी माहेराहून ओल्या शेवाळात गुंडाळून तीन मुळ्या आणल्या होत्या. या झाडाला त्या मामेख म्हणायच्या. तिकडं डोंगरात बर्फ वितळलं की त्याचे लाल कोंब वर येतात आणि मग ताटलीएवढं फूल उमलतं, असं सांगायच्या. आता बीडला बर्फ मी कुठून आणू? एक मुळी पहिल्याच पावसाळ्यात कुजली, दुसरी वाळवीनं खाल्ली. तिसरीवर मी तट्ट्याची सावली केली, तिला माठातलं गार पाणी घातलं. पानं यायची आणि चैत्र लागला की करपून जायची.

बाईसाहेब रोज सकाळी यायच्या.

"माली, कली आई?"

"नहीं, बाईसाहेब."

तीन वर्षं हा एकच प्रश्न! माझ्या गुलाबांकडे त्या ढुंकूनही बघत नसत. मला तर वाटायचं, एक दिवस कुदळ घेऊन ते झाडच उपटून टाकावं.

एकदा साहेबांची नाडी बघायला आलेले हकीम त्या झाडापाशी थबकले. म्हणाले, "अरे, ये तो ऊदसलीब है!" फेफरं येणाऱ्या लेकरांच्या गळ्यात अत्ताराच्या जडीबुटीच्या दुकानातली जी वाळकी मुळी बांधतात, ती या झाडाची, असं त्यांनी सांगितलं. तसली एक मुळी माझ्या पोरीच्या गळ्यात होतीच. पोर सहा वर्षांची. दर आठ-पंधरा दिवसांनी तिची दातखीळ बसायची, हातपाय ताठ व्हायचे. मुळीनं तिळभर गुण आला नव्हता. तरी हकिमाचं बोलणं मी घरी जाऊन बायकोला मोठ्या कौतुकानं सांगितलं. माझ्यासारखा मूर्ख मीच.

चौथ्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली आणि माघात त्या झाडाला बोराएवढी कळी आली. त्याच आठवड्यात साहेबांच्या बदलीचा हुकूमही आला. बाईसाहेब रोज सकाळी कळीपाशी वेताच्या मोढ्यावर बसून राहायच्या. जायच्या आधी उमलेल का, असं त्यांनी विचारलं आणि उमलणारच, असं मी छातीठोकपणे सांगितलं. चार वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

दोन दिवसांनी मी जवळच्या वाडीवर शेणखत आणायला गेलो. दुपारी परत येऊन बघतो तर झाडाच्या जागी खड्डा. पानं बाजूला पडलेली, कळी मातीत. जवळ आमच्या घरचं खुरपं.

मी तसाच घरी गेलो. पोरीच्या गळ्यात नवा काळा दोरा होता आणि दोऱ्यात ओली मुळी.

"कावून केलंस हे? आता बाईसाहेबांला काय तोंड दाखवू?"

"दुकानातली मुळी किडकी असती," बायको म्हणाली. "ताजी लागती, तवाच गुण येतो."

"चार साल राबलो मी त्या झाडापायी!"

"तुमाला फूल पायजे व्हतं. मला लेकरू पायजे."

मी लई ओरडलो, ती पोरीच्या दोऱ्याची गाठ नीट करत राहिली. ओरडून ओरडून माझाच घसा बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईसाहेबांना मी सगळं खरं सांगितलं. त्या खड्ड्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्या रागावल्या असत्या, नोकरीवरून काढलं असतं, तर बरं झालं असतं. पण त्यांनी सुकलेली कळी उचलली आणि पदरानं तिची माती पुसली. इतक्या वर्षांत मला मुलगी आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी मला पहिल्यांदाच वेगळं काही विचारलं.

"बच्ची को अब आराम है?"

त्याच पहाटे पोरीला फेफरं येऊन गेलं होतं, गळ्यात ती ताजी मुळी असताना.

"हां, बाईसाहेब," मी म्हणालो. "बहुत आराम है."