काळ्या मिठाचा वास

ताकात काळे मीठ घातले, की मला अमेरिकेतील उष्ण झऱ्यांचे ते उद्यान आठवते. तिथल्या वाफेलाही असाच गंधकाचा वास होता. दुबईहून आम्ही दोघी जावा मुलांसह तंबू घेऊन तिथे गेलो होतो. मी भूगोलाची शिक्षिका. त्यामुळे झऱ्यासमोर उभी राहून लेकीला जमिनीखालचे पाणी का उसळते, हे क्रमाने समजावत होते. तेवढ्यात पाण्याचा फवारा उसळला आणि धाकटी जाऊ दुबईच्या सवयीने 'चला' या अर्थाचा अरबी शब्द वापरत ओरडली, "यल्ला, आला बघ!" लेक माझा हात सोडून तिच्याकडे धावली. "काकू, इट्स सो ह्यूज!" माझे वाक्य अर्धेच राहिले. संध्याकाळी लेकीने आपली स्लीपिंग बॅगही काकूच्या तंबूत नेली. आता दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या शाळेत तो धडा शिकवताना मी कारणे नंतर सांगते, आधी ओरडते, "यल्ला, आला बघा!" वर्ग खूश होतो, आणि मला जावेचा पुन्हा हेवा वाटतो.