दाराचं आणि माझं वजा करून

"सांगता येत नाही गं," असं आत्या फोनवर म्हणाली आणि तेव्हापासून भाचीच्या जिवाला घोर लागला. वाक्य साधंच होतं, पण आत्याच्या तोंडून ते आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

विचारलं होतं तेही काही अवघड नव्हतं. "मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय. आता एकटी राहू नकोस, कायमची इकडे ये. दहा बाय आठची आहे. सांग बघू, किती बटणं मावतील?" हा दोघींचा जुना खेळ. आत्या ते वाक्य बोलली आणि तिने फोन ठेवला.

"तिचं डोकं चालेनासं झालंय," भाची घरी सगळ्यांना सांगत सुटली.

"आई, तुला शिंकेतसुद्धा न्यूमोनिया दिसतो," कॉलेजात जाणारी लेक म्हणाली.

हसण्यावारी नेऊन काळजी जात नाही. आत्याची सगळी नोकरी शर्टांच्या कारखान्यात बटणांच्या गोदामात गेली होती. सुट्टीत भाची तिच्या मागे लागून तिथे जायची. गोदामात नव्या पुठ्ठ्याचा वास असायचा, आणि खोकं उचललं की आत पावसासारखा आवाज व्हायचा. कोपऱ्यात कान तुटलेला एक कप होता. आत्या तो बटणांनी भरायची, दोनदा आपटायची, वर आलेल्या जागेत आणखी मूठभर घालायची आणि मग भाचीला मोजायला बसवायची. कपावरून डबा, डब्यावरून खोकं, खोक्यांवरून खोली. आकडा लाखांवर गेला की भाचीच्या अंगावर शहारा यायचा.

"झालं?" ती विचारायची.

"झालं कसं? दाराचं वजा कर. दार उघडायला नको? आणि माझं वजा कर. मी काय खोक्यांवर उभी राहू?"

मालक येता-जाता टोमणा मारायचे, "बाईंच्या उभं राहण्याचं भाडं मी भरतोय."

"मग तुम्ही उभे राहा. तुमचं दुप्पट वजा करावं लागेल," आत्या त्यांच्या पोटाकडे बघत म्हणायची.

अंदाज सांगण्याआधी ती रिकाम्या खोलीच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरायची आणि भिंतींवरून तळवा फिरवायची. ओल्या भिंतीला खोकी लावता येत नाहीत, तेवढी जागा बाद. आकडा बरोबरच यायचा असं मुळीच नाही. पण चुकला तरी तो ठणकावून सांगायची.

एकदाच तिचं हसं झालं होतं. मालकांनी नवी जागा घेतली आणि लांबी-रुंदी फोनवर सांगितली. आत्याने बसल्याजागी सांगून टाकलं, सगळा माल आरामात मावेल. टेम्पो जाऊन थांबला, तर आत डोक्याला लागेल इतका खाली माळा. अर्धी खोकी ताडपत्रीखाली अंगणात राहिली. त्या दिवशी आत्या जेवली नाही. भाचीला जवळ बसवून एवढंच म्हणाली, "बटणा, स्वतः उभी राहिल्याशिवाय कुठल्या खोलीबद्दल बोलायचं नाही."

भाचीला ती बटणच म्हणायची, अजूनही म्हणते. ताडपत्रीची गोष्ट मात्र भाची मधल्या वर्षांत विसरूनच गेली होती. ती आठवली पलंगामुळे.

दुपारी ती आत्याच्या पलंगावर चादर घालायला मागच्या खोलीत गेली, तर दार अर्ध्यातच पलंगाला धडकलं. अंग चोरून आत शिरावं लागलं. पलंग तिने हौसेने आणला होता. पडदे निवडले, कपाट हलवलं, दार मात्र वजा करायचं राहिलं. तिने मधोमध उभं राहून हात पसरले. एक हात कपाटाला लागला, दुसरा खिडकीखालच्या भिंतीला. तळव्याला गार लागलं. ओल होती.

ती पलंगाच्या कडेला टेकली. खोलीची मापं तिने आत्याला सांगितली आणि वर कायमची ये म्हणून हुकूम सोडला. बघायला ये, असं एकदाही म्हटलं नाही. न बघितलेल्या खोलीबद्दल आत्या दुसरं काय बोलणार होती?

की खरंच तिला आकडे जुळवता येत नसतील? तेही असेल. इथे बसून ते कळणार नव्हतं.

"फोन कुठे ठेवलास गं माझा?" तिने लेकीला हाक मारली.

"आत्याआजीला पुन्हा काळजीचं पुराण ऐकवणार?"

"नाही. पलंग अडतोय म्हणून सांगणार. आणि म्हणणार, राहायचं नंतर बघू, आधी येऊन मधोमध उभी राहा. नाही पटली खोली, तर मी स्वतः परत सोडून येईन."

लेकीने अर्ध्या उघडलेल्या दारातून हात आत घालून फोन दिला. भाचीने आत्याचा नंबर लावला.